क्रॉल स्पेसमध्ये ओल आहे, पण पाणी नेमकं कुठून येतंय?

सांजवारा
नमस्कार मंडळी. आमचं घर लाकडी सांगाड्याचं आहे आणि जमिनीवर थेट बसलेलं नाही. पाया आणि खालचा मजला यांच्यामध्ये रांगत जाता येईल एवढी पोकळी आहे, तीच क्रॉल स्पेस. काही महिन्यांपासून घरात कुबट वास येतो. सकाळी जास्त, खिडक्या उघडल्या की कमी. बाथरूमबाहेरच्या पॅसेजमधल्या लाकडी पट्ट्या कडांना किंचित उचलल्यासारख्या वाटतात.

टॉर्च घेऊन खाली डोकावलं तर एका बाजूची माती ओलसर, इन्सुलेशनचे (मजल्याखाली लावलेल्या उष्णतारोधक अस्तराचे) दोन-तीन पट्टे लोंबकळताहेत आणि एका तुळईवर काळपट डाग आहेत. डबकं कुठेच नाही. पाण्याचं बिलही वाढलेलं नाही.

एका कंत्राटदाराला बोलावलं. त्यांचं म्हणणं, सगळ्या जमिनीवर जाड प्लॅस्टिक अंथरू, हवेच्या जाळ्या बंद करू, डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) बसवू, विषय संपला. पाणी कुठून येतंय यावर मात्र ते काही बोललेच नाहीत. माझा प्रश्न हाच आहे: आधी सील करून घ्यावं की आधी गळती शोधावी? आणि बाथरूमची फरशी न फोडता ती शोधता येते का?

निळाई
आधी गळती. वर नळ सुरू ठेवून खाली प्लॅस्टिक अंथरलं तर पाणी प्लॅस्टिकवर साचेल, एवढाच फरक.

मोजपट्टी
निळाईंशी सहमत. थोडं सविस्तर लिहितो, कारण या बाबतीत लोक उपाय आधी घेतात आणि निदान नंतर.

क्रॉल स्पेसमध्ये पाणी चार वाटांनी येतं. दाबाखालचे पाईप, म्हणजे नळांना पाणी पुरवणारे. सांडपाण्याचे पाईप. बाहेरचं पावसाचं किंवा जमिनीतलं पाणी. आणि चौथी वाट, जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, ती म्हणजे हवा. प्रत्येकाची खूण वेगळी असते.

दाबाखालचा पाईप गळत असेल तर गळती चोवीस तास सुरू असते, घरात कुणी नसलं तरी. सांडपाण्याची गळती वापराबरोबर येते आणि जाते. पावसाचं पाणी पावसानंतर दिसतं आणि बहुतेक वेळा पायाच्या भिंतीकडून आत येतं. हवेतली ओल दमट दिवसांत सगळीकडे सारखी पसरते, एका कोपऱ्यापुरती राहत नाही. तुमची माती एकाच बाजूला ओली आहे, तेव्हा पहिला संशय पहिल्या दोघांवर.

आता परीक्षा. घरातले सगळे नळ, वॉशिंग मशीन, डिशवॉशर, बर्फ करणारा फ्रिज, सगळं बंद करा. मीटरचं रीडिंग लिहून ठेवा. बऱ्याच मीटरवर एक छोटा त्रिकोण किंवा चक्र असतं, ते अगदी बारीक प्रवाहानेही फिरतं. तास-दोन तास पाणी न वापरता पुन्हा बघा. फिरत असेल तर घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून परत बघा. तरीही फिरतंय म्हणजे गळती मीटर आणि घर यांच्यामध्ये, जमिनीखाली. थांबलं म्हणजे घरात.

खुंटी
पण बिल वाढलेलं नाही असं त्यांनी लिहिलंय ना? मग पाईप गळत नाही हे सिद्धच झालं. मी तर म्हणेन ही जमिनीचीच ओल आहे.

मोजपट्टी
@खुंटी, सिद्ध होत नाही. सेकंदाला एक थेंब असं ठिबकणारं पाणी वर्षाला साधारण ११,००० लिटर होतं. म्हणजे दिवसाला ३० लिटर. चार माणसांच्या घरात एवढं पाणी बिलात सहज लपून जातं. पाहुणे आले, बागेला जास्त पाणी घातलं, अशी कारणं आपणच शोधून देतो. पण तेच ३० लिटर रोज एकाच तुळईवर पडत असतील तर ती तुळई टिकणार नाही.

शिवाय सांडपाण्याचा पाईप गळला तर बिलात काहीच दिसत नाही. ते पाणी मीटरमधून आधीच मोजून झालेलं असतं.

खुंटी
हा दुसरा मुद्दा लक्षातच आला नव्हता. मान्य.

निळाई
मीटर फिरताना दिसलं तर लगेच घाबरू नका, आधी कमोडची टाकी तपासा. टाकीत खाण्याचा रंग टाकायचा, दहा-पंधरा मिनिटं फ्लश करायचा नाही. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर झिजलंय.

मोजपट्टी
बरोबर, आणि हे पाणी थेट सांडपाण्यात जातं, क्रॉल स्पेस ओली करत नाही. म्हणून त्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करूनच मीटरची परीक्षा घ्या. नाहीतर मीटर फिरलं की लोक खालचे पाईप उघडायला धावतात आणि दोषी निघतं ते रबर.

आडवाट
बाथरूमजवळ आहे म्हणताय तर मी शॉवरवर बोट ठेवते. आमच्याकडे अगदी हेच होतं आणि प्लंबरने ज्या क्रमाने शोध घेतला तो मला फार आवडला होता, म्हणून लिहिते. एकाने वर राहायचं, एकाने खाली टॉर्च घेऊन.

पहिल्यांदा बादलीने पाणी थेट ड्रेनच्या तोंडात ओतायचं, आजूबाजूला न सांडता. खाली थेंब आला तर ड्रेनचा पाईप किंवा त्याचा जोड. नाही आला तर ड्रेनला बूच लावून शॉवरच्या तळात थोडं पाणी साठवायचं, पातळीवर पेन्सिलने खूण करायची आणि थांबायचं. पाणी उतरलं किंवा खाली आलं तर तळाचा थर फुटलाय. तेही कोरडं निघालं तर भिंतींवर पाणी मारायचं, कोपऱ्यांत आणि नळाच्या चकतीभोवती विशेष. सगळ्यात शेवटी शॉवरचं तोंड काढून तिथे टोपी लावायची आणि नळ सोडायचा, म्हणजे भिंतीतल्या उभ्या पाईपवर दाब येतो पण पाणी बाहेर पडत नाही.

प्रत्येक पायरीनंतर थांबायचं, कारण पाणी खाली यायला वेळ घेतं. आमच्याकडे तिसऱ्या पायरीला सापडलं. दोन टाइलमधल्या सांध्याला चीर होती, केसाएवढी. एकही टाइल न फोडता कळलं.

तुळई
आडवाट, उत्तम प्रतिसाद. एक भर घालतो: जिथे थेंब पडतो तिथेच वर गळती असेल असं धरून चालू नका. पाणी सबफ्लोअरच्या (वरच्या पट्ट्यांखालच्या लाकडी पाटीच्या) खालून किंवा पाईपच्या अंगावरून सरकत जातं आणि पहिला खिळा किंवा सांधा मिळाला की तिथे टपकतं. त्यातून इन्सुलेशन असेल तर ते पाणी पिऊन बसतं, आठवडेच्या आठवडे खाली काही दिसतच नाही. सांजवारा, लोंबकळणारे पट्टे हीच तुमची सगळ्यात मोठी खूण आहे. ते पाण्याच्या वजनाने लोंबकळतात. हाताने दाबून बघा, ओला पट्टा जड लागतो. ओले पट्टे काढूनच टाका, मग वरची लाकडी पाटी उघडी पडते आणि डागाचा माग काढता येतो.

वीजरेघ
खाली जाण्याआधी माझं ऐका, कारण इथे अजून कुणी लिहिलं नाही. ओल्या जमिनीवर रांगत असताना डोक्यावर वायरी असतात. त्या भागाची वीज मुख्य बोर्डावरून बंद करा आणि बॅटरीचा दिवा घेऊन जा. पाण्यात तारा किंवा जोडणीचा डबा दिसला तर आत जाऊच नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. मास्क हवा, एन९५ तरी. हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे. उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नका, हवेत उडतात. आधी जंतुनाशकाने भिजवून मग पुसून घ्या. आणि घरात कुणाला तरी सांगून जा. एकट्याने असताना तर नकोच.

सांजवारा
@वीजरेघ, मनापासून धन्यवाद. हे खरंच महत्त्वाचं आहे. शनिवारी भाऊ येतोय, तेव्हा दोघं मिळून आडवाटताईंच्या क्रमाने करून बघतो.

पाणकळा
उशिरा आले धाग्यावर. मोजपट्टींनी चौथी वाट हवा असं लिहिलंय, त्यावर मला बोलायचंय, कारण क्रॉल स्पेस म्हटलं की जाळ्या उघड्या ठेवा, वारा खेळू द्या, वाळेल, हे आपण सगळे ऐकत आलोय.

दमट उन्हाळ्यात हे उलटं पडतं. बाहेरची हवा ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ७० टक्के धरा. या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातली वाफ दव होऊ लागते तो, जवळपास २४ अंश येतो. ती जाळीतून आत आली आणि खालचे पाईप, एसीचे डक्ट (थंड हवा नेणारे नळ) किंवा सावलीतली भिंत २० ते २२ अंशांवर असेल, तर तिच्यातलं पाणी त्या पृष्ठभागावर दव होऊन बसणारच. म्हणजे जाळीतून आपण वाळवण नव्हे, पाणी आत घेतो. डक्टला घाम फुटून खालची माती ओली झालेली मी पाहिली आहे आणि सगळे पाईप गळतीच्या शोधात उघडले गेले होते.

त्यात घर धुराड्यासारखं वागतं. गरम हवा वरून निघून जाते आणि तिची जागा भरायला खालची हवा फटींमधून वर येते. सांजवारा, तुमचा कुबट वास घरात चढतो तो याच मार्गाने.

तुळई
पाणकळा, दवबिंदूचं गणित चोख आहे, पण सरसकट जाळ्या बंद करा हे मला पटत नाही. ब्रिटनमधल्या जुन्या घरांमध्ये लाकडी जमिनीखाली हवा खेळण्यासाठी भिंतीत विटांच्या जाळ्या असतात, आणि त्या बुजल्या की तुळया कुजतात हा तिथला नेहमीचा अनुभव आहे. कोरड्या हवामानात उघड्या जाळ्या अजूनही चांगलं काम करतात.

पाणकळा
मतभेद नाही. हवामान बघूनच ठरवायचं. माझा विरोध अर्धवट बंद करण्याला आहे. जाळ्या बुजवल्या, पण माती उघडीच, वाफ बाहेर काढायला काही नाही, ही सगळ्यात वाईट अवस्था. एकतर नीट उघडं ठेवा नाहीतर नीट बंद करा. आणि दोन्हीत माती झाकलेलीच हवी. उघड्या मातीतून वाफ सतत वर येत असते, वरून कोरडी दिसली तरी.

मोजपट्टी
अमेरिकेतली निवासी बांधकाम संहिताही याच दोन वाटा देते. उघडी ठेवायची तर दर १५० चौरस फूट क्षेत्राला १ चौरस फूट जाळी. माती वाफरोधक प्लॅस्टिकने झाकली तर ते प्रमाण दीड हजाराला १ पर्यंत खाली आणता येतं. यावरूनच लक्षात येईल की मातीतून किती ओल येत असेल. बंद करायची तर प्लॅस्टिकचे जोड ६ इंच एकमेकांवर चढवून चिकटवायचे, कडा भिंतीवर किमान ६ इंच वर न्यायच्या आणि आतली हवा कोरडी ठेवायची यांत्रिक सोयही करायची.

अबोली२
मला वेगळीच काळजी वाटते. आमच्या मुलीला दमा आहे आणि आमच्याही घराखाली पांढरं-काळं काहीतरी आलंय. बुरशी कुठली आहे याची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी का? ब्लीच मारलं तर जाईल?

पाणकळा
अबोली, पांढरं कुठे आहे ते आधी बघा. काँक्रीटच्या किंवा विटांच्या भिंतीवर मिठासारखी भुकटी असेल तर ते क्षार आहेत. पाणी भिंतीतून आत आलं, वाळलं आणि क्षार मागे राहिले. पाण्याचा थेंब लावला की विरघळतात. लाकडावर कापसासारखं किंवा मखमली असेल तर बुरशी.

बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुने तपासायची गरज नसते, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचंही हेच सांगणं आहे. जात कुठलीही असली तरी उपाय तोच: पाणी थांबवा, बुरशी काढा, लाकूड वाळवा. ब्लीच नेहमीचा उपाय म्हणून ते सुचवत नाहीत. मेलेल्या बुरशीनेही ॲलर्जीचा त्रास होऊ शकतो, म्हणून ती घासून काढावीच लागते. साधारण १० चौरस फुटांपेक्षा जास्त पसरली असेल तर स्वतः हात घालू नका. आणि मुलीला दमा आहे तर तुम्ही थोड्याशाही जागेसाठी बाहेरचं माणूस बोलवा, काम चालू असताना तिला घरात ठेवू नका. डॉक्टरांना घरातल्या ओलीबद्दल जरूर सांगा.

अबोली२
फार बरं वाटलं वाचून. उद्याच बघते भिंत आहे की लाकूड. लेकीच्या डॉक्टरांशीही बोलते.

रानवाट
अवांतर, पण घर विकत घेताना क्रॉल स्पेस कुणी बघतं का? आम्ही आता शोधतोय घर.

तुळई
अवांतर नाही, याच धाग्याचा विषय आहे. तपासनीसाने खाली प्रत्यक्ष रांगत जाऊन फोटो काढलेत का ते विचारा. दारातून टॉर्च मारून लिहिलेला अहवाल स्वीकारू नका. १९७८ ते १९९५ या काळातलं घर असेल तर राखाडी रंगाचे पॉलिब्युटिलीनचे पाईप आहेत का बघा. ते आतून ठिसूळ होऊन अचानक फुटतात. तांब्याच्या पाईपवर हिरवट डाग म्हणजे सुईएवढं भोक पडायला लागलेलं असू शकतं. घरातला पाण्याचा दाबही मोजून घ्या, ८० पीएसआयच्या वर असेल तर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह हवा. आणि बाहेरून एक फेरी मारा. पायापासून पहिल्या १० फुटांत जमीन निदान ६ इंच उतरती हवी आणि पन्हाळीचं पाणी पायापाशी पडता कामा नये.

रानवाट
यादीच करून घेतली. आभार!

सांजवारा
मंडळी, सापडलं!

मीटर पूर्ण स्थिर होतं, त्यामुळे दाबाखालचे पाईप सुटले. शॉवरच्या सगळ्या पायऱ्या केल्या, खाली भाऊ कोरडाच. मग त्यानेच सुचवलं की टब काठोकाठ भरून बघू. पाणी वरच्या ओव्हरफ्लोच्या (टब भरून वाहू नये म्हणून काठाजवळ असलेल्या भोकाच्या) चकतीपर्यंत पोहोचलं आणि खालून त्याची हाक आली. चकतीमागचं रबर पूर्ण चिरलेलं होतं. मुलं टब भरून खेळतात तेव्हाच तिथून पाणी भिंतीमागे उतरायचं, एरवी काही नाही. ओले पट्टे काढले तर वर सबफ्लोअरवर टबापासून पॅसेजपर्यंत डागाचा सरळ पट्टा दिसला. तुळईदादा म्हणाले तसंच.

पाणकळाताई, तुमचंही खरं ठरलं. एसीचा डक्ट एका जोडापाशी उघडा आहे आणि तिथे थेंब जमलेत. म्हणजे दोन वाटा निघाल्या.

रबर बदललं. काळ्या डागांच्या तुळईत पेचकस रोवून पाहिला, आत जात नाही, लाकूड टणक आहे. आता मूळ प्रश्नाकडे येतो: सील करून घेऊ का?

आडवाट
वा! भावाला आमच्याकडून शाबासकी. ओव्हरफ्लोचा विचार मलाही सुचला नव्हता.

मोजपट्टी
अभिनंदन. पेचकस आत जात नाही ही सगळ्यात चांगली बातमी. कुजलेलं लाकूड मऊ लागतं, पुढच्या अवस्थेत चौकोनी तुकड्यांत तडकतं. मग शेजारी नवी तुळई जोडावी लागते.

लगेच सील करू नका. लाकडात टोचायच्या दोन टोकांचा ओलावा-मापक घ्या आणि डागाच्या जागी व लांबच्या कोरड्या तुळईत अशी दोन्हीकडे नोंद करा. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला साधारण २८-३० टक्क्यांच्या आसपास ओलावा लागतो. २० च्या खाली लाकूड सुरक्षित धरतात. सगळीकडे १९ च्या खाली येऊन तिथेच टिकलं की मग प्लॅस्टिक. दमट हवामान असेल तर पूर्ण बंद करणं योग्यच आहे, तुमचे कंत्राटदार उपायात चुकले नव्हते, त्यांचा क्रम चुकला होता. डक्टचा जोड मात्र आजच बंद करून त्यावर इन्सुलेशन चढवा.

वाळवताना मोठे पंखे लावून घाई करू नका. वरच्या पट्ट्या खालून ओल लागल्यामुळे कडांना उचलल्यात. खालची ओल गेली की बऱ्याचदा त्या हळूहळू बसतात. आत्ताच घासून सपाट केल्या तर वाळल्यावर मध्ये फुगीर होतील.

वीजरेघ
बंद करण्याआधी खाली गॅसचा हीटर किंवा भट्टी आहे का ते बघा. ज्वलनाला लागणारी हवा जाळ्यांतून येत असेल आणि तुम्ही त्या बुजवल्यात तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. तज्ज्ञाकडून तपासून घेतल्याशिवाय जाळी बंद करायची नाही. रेडॉनचीही, म्हणजे जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सर्गी वायूची, चाचणी करून घ्या, बंद करण्याआधी आणि नंतर. धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचं ते दुसरं मोठं कारण आहे आणि त्याला वास नसतो.

खुंटी
आणि वाळवी! प्लॅस्टिक किंवा फोम भिंतीवर अगदी लाकडापर्यंत चढवू देऊ नका. वर काही इंचांची उघडी पट्टी ठेवायला सांगा, म्हणजे मातीच्या नळ्या चढताना दिसतात. ओलं लाकूड वाळवीला फार आवडतं, तेव्हा टबाखालची बाजू एकदा नीट बघून घ्या.

सांजवारा
गॅसचं काही नाही खाली, सगळं विजेवर आहे. रेडॉनचा संच मागवतो. वाळवीच्या नळ्या दिसल्या नाहीत, पण टबामागचा कोपरा अजून पाहायचा राहिलाय. एक शेवटचं: आर्द्रता मोजायचं यंत्र खाली कुठे ठेवू? रोज रांगत जाणं शक्य नाही.

पाणकळा
बिनतारी घ्या, रीडिंग वर दिसतं. एक बाथरूमखाली तुळईला टांगा, दुसरं समोरच्या टोकाला, दोन्ही जमिनीपासून उंच आणि डक्टपासून लांब. ६० टक्क्यांच्या खाली राहायला हवं. एकाच बाजूचं वाढलं तर पाणी. दोन्हींचं एकदम वाढलं तर हवा.